हंड्यावरची नक्षी

चिंचेनं घासलं की तांबं लख्ख निघतं, हे आमच्या अर्चनाला ठाऊक नव्हतं. सून लातूरची, शहरात वाढलेली; तिच्या माहेरी सगळं स्टीलचं. परवा महालक्ष्म्यांच्या तयारीसाठी मी माळ्यावरून हंडा खाली काढला आणि ती हात भरून चिंच लावत बसली. घासता घासता थांबली. हंड्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची एक ओळ उजळून वर आली होती. "आई, किती छान नक्षी आहे हो ही! जुनी दिसते." आणि मी मूग निवडत म्हणाले, "हो ना, जुनीच आहे."

एवढंच. पण वाक्य तोंडातून गेलं आणि मला स्वतःचा असा राग आला, की मुगाचं ताट तिथंच ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली नांदेडचा रस्ता. सोसायटीच्या फाटकाशी एक बाई आघाडा आणि केना विकायला बसलेली. भाद्रपदातलं ते डोळ्यांवर येणारं ऊन. तीन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत मी एका म्हातारीला शब्द दिला होता, की ह्या हंड्यावरच्या ओळीला पुन्हा नक्षी म्हणणार नाही. पहिल्याच परीक्षेत नापास झाले. जन्मभर मास्तरकी केली, पोरांच्या वहीवर लाल रेघ मारताना कधी मागंपुढं पाहिलं नाही, आणि हे असं.

आमचं गाव जळकोटहून कंधारकडं जाताना लागतं. भाद्रपद म्हटलं की मला अजून त्या अंगणातला वास येतो. मुगाच्या ओल्या टरफलांचा, शेण-सारवणाचा, आणि त्यात मिसळलेला काचेच्या बांगड्यांच्या पेटीतल्या गवताचा. महालक्ष्म्या यायच्या दोन दिवस आधी खैरूनमावशी यायची. कंधारची मनियारीण. डोक्यावर पेटी, अंगावर पांढरी ओढणी, आणि अंगणात शिरतानाच हाक, "वैनी, हाव का घरात?" मग आई, काकू, आम्ही पोरी रांगेनं बसायचो. ती मनगट हातात घ्यायची, अंगठा तळव्यात दाबून हाताची जुडी करायची आणि काच असा सरकवायची, की बांगडी कधी आत गेली ते कळायचं नाही. मनगट बघूनच माप सांगायची. माझं सव्वादोन. पुढं दोन बाळंतपणं झाली, अंग सुटलं, तरी तिच्या लेखी माझं सव्वादोनच.

बांगड्या भरून झाल्या की ती पाणी मागायची. आई वरून ओतायची आणि ती ओंजळीनं प्यायची. त्या काळात ते तसंच होतं, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, हे आज लिहिताना खटकतंय. आई म्हणायची, "खैरून, माठातलं गार हाय की." ती म्हणायची, "नको वैनी, हंड्यातलं द्या." दरवर्षी हेच. आम्ही पोरी तिची नक्कल करायचो, "नको वैनी, हंड्यातलं द्या," आणि हसून लोळायचो.

गावात एक मनियार गल्ली आहे. मनियार मात्र त्या गल्लीत एकही नाही. लहानपणी मला ह्याचं कधी नवल वाटलं नाही. कुंभार गल्लीत कुंभार, सुतार गल्लीत सुतार, आणि मनियार गल्लीत आमच्या काकांचा गुरांचा गोठा.

आणखी एक गोष्ट. आमच्या घरात कुणी म्हणायचं, "मुक्ती झाली त्या साली," आणि खैरूनमावशी म्हणायची, "अक्शन झालं तवा मी एवढी व्हते," आणि हात कमरेएवढा उंच धरायची. मुक्ती आणि अक्शन ही दोन वेगवेगळी सालं आहेत, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. निजामाचं राज्य संपवायला फौज आली, त्या कारवाईला पोलीस ॲक्शन म्हणतात आणि ते 'अक्शन' म्हणजेच आमची 'मुक्ती', हे मला डी.एड.ला असताना कळलं. त्यातही परीक्षेपुरतंच कळलं.

आमच्या घराला त्या मुक्तीचा मान आहे. माझ्या आजोबांना रझाकारांनी मारलं. बैलाच्या कासऱ्यानं बांधून, स्वतःच्या खळ्यात. त्यांचं नाव गावातल्या स्तंभावर आहे, आणि दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदनानंतर आमच्या घरी शाल-नारळ येतो. ते दुःख खरं आहे. आजी गेली तोपर्यंत तिनं खळ्यात पाय ठेवला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणी मला म्हणेल की बाई, तुझ्या आजोबांचं रक्त विसरलीस का. आई म्हणालीच तसं.

तर तीन वर्षांपूर्वीचा तो श्रावण-भाद्रपद. मुक्तीला पंच्याहत्तर वर्षं होत होती आणि शाळांना वरून एक काम आलं. आपापल्या गावातल्या हुतात्म्यांची माहिती गोळा करून ऑनलाइन भरायची. निवृत्तीला माझं एकच वर्ष उरलेलं. अशी कामं अशांच्याच गळ्यात पडतात. मी पंचमीच्या सुट्टीत गावी जाऊन आईला आजोबांचं वय, वडिलांचं नाव विचारत बसले होते. खैरूनमावशी पंचमीच्या बांगड्या घेऊन आली होती. ऐंशी ओलांडली होती तिनं. धंदा सुनेनं घेतला होता, पण आमच्या अंगणात ती अजून स्वतः यायची. नातू मोटरसायकलवर सोडून जायचा. ती ऐकत होती. बराच वेळ ऐकून मग म्हणाली, "शोभे, त्यात माझ्या अब्बाचं नाव लिव्हशील का? ह्याच गावचा व्हता त्यो."

"तुझे वडील इथले?"

"मनियार गल्लीतले. कुठले वाटले तुला?"

मी विचारलं, कसे गेले. ती म्हणाली, "अक्शनमधी." मी त्यापुढं काही विचारलं नाही. कागदावर मी लिहून घेतलं: शेख महबूब, वडील शेख इमाम, धंदा मनियारी.

शाळेत परत आल्यावर फॉर्म भरायला बसले. नाव भरलं, गाव भरलं. पुढं 'मृत्यूचा प्रकार' असा रकाना होता आणि त्यात तीनच पर्याय. रझाकारांच्या हल्ल्यात, तुरुंगात, लढताना. जगातल्या प्रत्येक सरकारी फॉर्मात शेवटी 'इतर' असतं. गाढवाची नोंद करायची असली तरी 'इतर' असतं. इथं नव्हतं. मी तो रकाना मोकळा ठेवून पाहिला, तर पान पुढं सरकेना. हेडमास्तर मागं येऊन उभे राहिले. "मॅडम, रिकामं घेत नाही ते. काहीतरी निवडा. नाव लागल्याशी मतलब." मलाही ते पटलं. खरं तर पटवून घेतलं. मी पहिला पर्याय दाबला आणि पान हिरवं झालं.

त्या वर्षी सतरा सप्टेंबर आणि महालक्ष्म्या एकाच आठवड्यात आल्या होत्या. सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, रस्त्यावर मुगाच्या राशी वाळत पडलेल्या, त्यावरून जाणाऱ्या जीपला बायका शिव्या घालत होत्या. मी खैरूनमावशीला मुद्दाम बोलावलं होतं. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. गावातल्या स्तंभापाशी झेंडा वर गेला, मग गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी माइकवर सरकारी यादीतली नावं वाचली. आधी माझ्या आजोबांचं. मग आणखी दोघांचं. मग "शेख महबूब शेख इमाम". ते नाव लाउडस्पीकरमधून बाहेर पडलं, तेव्हा तिनं खांद्यावर घसरलेली ओढणी झटकन डोक्यावर घेतली, वडीलधारं कुणी समोर आल्यावर घेतात तशी.  आणि लगेच पुढचे शब्द आले, "रझाकारांच्या हल्ल्यात हुतात्मा." टाळ्या वाजल्या. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही पाहिलं. मी वर्गात एखाद्या हुशार पोरीनं साधं गणित चुकवल्यावर पाहायचे, तसं पाहिलं.

दोन दिवसांनी ती महालक्ष्म्यांच्या बांगड्या भरायला आली. अंगणात आम्ही दोघीच होतो, आई आत पुरणाची डाळ निवडत होती. माझं मनगट तिच्या हातात होतं.

"शोभे, फाराममधी काय लिव्हलंस?"

"मावशी, दुसरा पर्यायच नव्हता त्यात. नाव तरी लागलं ना."

"नाव लागलं, हाव. पर मारनारा बदलला." तिनं एक काच सरकवला. "माझा अब्बा रझाकाराला भिऊन ऱ्हायचा. त्यांच्यात ये म्हनून दोनदा बलवायला आले, गेला न्हाई. त्यांनी न्हाई मारलं त्याला. फौज आली, राज गेलं, त्येच्या बी नंतर मारलं. गावात रझाकार एक बी उरला नव्हता तवा."

"कुणी?"

"मी अन् अम्मी जवारीत बसलो व्हतो. जवारी लई उंच व्हती. मला मानसं दिसली न्हाईत. आवाज ऐकू आले." दुसरा काच. "वळखीचे व्हते."

मला विचारायचं होतं, कुणाचे आवाज, मावशी? त्यात आमच्या घरातला एखादा होता का? पन्नास-साठ वर्षं तू ह्याच अंगणांतून फिरलीस, लेकीसुनांचे हात हातात घेतलेस, माजघरातून पुरुष बोलताना ऐकलेस, तेव्हा तुझ्या कानांना काय होत होतं?  ती म्हणाली, "सव्वादोन. तुझं मनगट काय बदलत न्हाई बघ." आणि मग नेहमीसारखं, "पानी दे."

मी सवयीनं माठाकडं वळले. "न्हाई. हंड्यातलं."

ह्या वेळी मी फुलपात्र भरून तिच्या हातात दिलं. ती प्यायली, ओढणीच्या टोकाला हात पुसला, उठून हंड्यापाशी गेली आणि गळ्याखालच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. उजव्या बाजूला ठेवलं आणि डावीकडं नेत गेली, सावकाश. "शेख महबूब, वल्द शेख इमाम, मनियार." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "वल्द म्हंजे मुलगा. कुरान वाचाया शिकले तवापसून मला हे वाचता येतं."

भांड्यांवर नाव घालायची आपल्याकडं रीतच आहे. लग्नातलं भांडं असो की बारशातलं, दुकानदार नाव कोरूनच देतो. आमच्या घरातल्या ताट-तांब्यांवर आजोबांचं नाव आहे, आजीचं आहे, मावशीआत्यांची आहेत. लहानपणी मी हंड्यावरच्या ओळीबद्दल विचारलं तेव्हा मला उत्तर मिळालं होतं, ती नक्षी आहे. आणि मी ते मान्य केलं. अख्ख्या घरात सगळ्या भांड्यांवर नावं आणि ह्या एकावर नक्षी, ह्यात काही चुकतंय असं मला शाळा शिकवूनही कधी वाटलं नाही.

आई डाळ पाखडायचं सूप हातात घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं होतं. "काय तरीच खैरून. ती नक्षी हाय. धाकटे मामंजी सोता म्हनायचे."

धाकटे मामंजी म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. हंडा त्यांनीच घरात आणला होता. खैरूनमावशी खाली बसली, पेटीचं झाकण लावलं आणि अगदी हळू म्हणाली, "वैनी, तुमचे मामंजी उर्दू शाळंत शिकले व्हते."

 निजामाच्या राज्यात शिकलेल्या माणसाला ती ओळ वाचता येत होती. ज्याला वाचता येत होती, त्यानंच तिला नक्षी म्हटलं, आणि ज्यांना वाचता येत नव्हती त्या आम्ही सगळ्यांनी पुढं तेच म्हटलं.

मी म्हणाले, "मावशी, घेऊन जा हा. आत्ताच. मी नातवाला फोन करते."

"न्हेऊन काय करू? अन् न्हेला तर तुमच्या घरात काय ऱ्हाईल सांगायला?" ती पेटी उचलायला लागली. "ऱ्हाऊ दे हितंच. फकस्त त्याला नक्षी म्हनू नको. अन् त्या फारामातलं अब्बाचं नाव काढ. खोटं लावू नको त्याच्यावर."

मी हो म्हणाले. दोन्हीला हो म्हणाले.

संध्याकाळी आई माझ्यावर तुटून पडली. तुझ्या आज्याला बांधून मारलं, ते इसरलीस का, त्यांनी काय कमी केलं व्हतं, असं बरंच. मी म्हणाले, आई, मनियारानं आजोबांना बांधलं नव्हतं. ती म्हणाली, "मला काय ठाव. मी काय व्हते का तवा." आणि रडायला लागली. खरं होतं तिचं. ती त्या घरात लग्न होऊन आली तेव्हा हंडा भरूनच ठेवलेला होता.

मी अर्ज केला. लिहिलं की शेख महबूब ह्यांचा मृत्यू रझाकारांच्या हल्ल्यात नव्हे, तर त्यानंतर झालेल्या कत्तलीत झाला, तशी दुरुस्ती करावी. 'कत्तल' शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. उत्तर दोन ओळींचं आलं. विहित नमुन्यात अशी तरतूद नसल्यामुळं सदर नाव यादीतून वगळण्यात येत आहे. सरकार इतकंच करू शकलं. एक खोटं पुसलं आणि त्याबरोबर माणूस पुसला.

नंतर मी वाचत गेले, उशिरा का होईना. ॲक्शननंतर दिल्लीहून काही माणसं ह्या मुलखात फिरली होती, गावोगाव विचारपूस करून त्यांनी लिहून दिलं होतं, आणि ते लिहिलेलं वर्षानुवर्षं कपाटात राहिलं. किती माणसं मेली ह्यावरून अजून वाद आहेत. त्याला नरसंहार म्हणायचं की आणखी काही, तेही मोठी माणसं ठरवतील. मला मोठे शब्द कळत नाहीत. मला एवढं कळतं, की माझ्या आजोबांना स्तंभ मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता, आणि त्याच गावात, त्याच पावसाळ्यात मेलेल्या दुसऱ्या एका माणसाला फॉर्मातला 'इतर' सुद्धा मिळाला नाही. ह्यानं मला त्रास होतो. आजोबांचा स्तंभ मला आता पूर्वीसारखा पाहता येत नाही, आणि तसा पाहता येत नाही ह्याचाही राग येतो.

एकदा आई आणि मी टीव्ही पाहत होतो. दूरच्या कुठल्यातरी देशाच्या संसदेत सगळे उभे होते; पूर्वी आपल्याकडं एका जमातीचा संहार झाला, असं सरकारनं मान्य केलं, अशी बातमी होती. आईनं विचारलं, "म्हंजे काय केलं त्यांनी?" मी म्हणाले, "असं झालं होतं, असं म्हणाले." आई म्हणाली, "मंग आधी झालं नव्हतं का?" 

गेल्या हिवाळ्यात खैरूनमावशी गेली. नातवाचा फोन आला तेव्हा मी गावीच होते. कंधारला जाऊन आले. परत आले तर स्वयंपाकघरात हंडा रिकामा करून पालथा घातलेला. आई चुलीपाशी बसली होती.  पुढं आई नांदेडला माझ्याकडं राहायला आली, त्या सामानात हंडाही आला आणि माळ्यावर गेला. माळ्यावरच्या वस्तूला काही म्हणावंच लागत नाही, हे किती सोयीचं असतं.

आणि परवा अर्चनानं विचारलं, आणि मी म्हणाले, हो ना, जुनीच आहे. धाकट्या आजोबांनी असंच म्हटलं असेल. सहज, हातातलं काम न थांबवता.

गॅलरीतून मी आत आले. अर्चना नळाखाली हंडा धरून चिंच धूत होती. मी म्हटलं, "अर्चना, बोट दे इकडं." तिचं ओलं बोट मी पहिल्या ठिपक्यावर ठेवलं. "मघाशी मी खोटं बोलले. ही नक्षी नाही. नाव आहे. उजवीकडून वाचायचं." आणि तिचं बोट धरून वाचत गेले, मावशीनं वाचलं होतं तसं, सावकाश. वल्द म्हणजे मुलगा, तेही सांगितलं.

ती नाव पुटपुटली. मग यायचा तो प्रश्न आलाच. "मग हा आपल्याकडं कसा आला?"

मी शब्द शोधायला लागले. आला, म्हणावं तर हंडा काही स्वतःच्या पायांनी येत नाही. मिळाला, सापडला, आणला. एकेक शब्द ओठापर्यंत यायचा आणि मी गिळायचे. आतल्या खोलीत आई पडून होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं असं आम्ही धरून चालतो.

"लुटून आनला, म्हन की," ती आतून म्हणाली. "कवाची अडकलीस."

अर्चनानं नळ बंद केला.